पोटखराबा

सात-बाऱ्यावर तुझं नाव पोटखराबा.
नांगर रुततो, पेरता येत नाही,
म्हणून आकार: शून्य रुपये, शून्य पैसे.
थडी सावळीच्या तलाठ्यानं उतारा दिला
आणि विचारलं, मॅडम,
जमिनीत न धरलेल्या जमिनीची नुकसानी
काढतात कशी?

मी फॉर्म भरते.
एका फॉर्मचे साठ रुपये,
चहापाणी आपापलं.

गंगेवर वरच्या अंगाला बंधारा झाला, गावाशी भिंत झाली,
भिंतीला घाट, घाटावर दिवे, दिव्यांखाली बाकडी.
पुराचं पाणी ज्या वळणानं लवणात शिरायचं
ते वळण भिंतीनं शिवून टाकलं.
टाक्यावर एक फलक आहे,
फलकावर बगळ्याचं चित्र.

कौतिकबाई लिंबोरे. वय सांगता येत नाही.
जात भोई. धंदा?
तिनं पालथ्या टोपलीकडं पाहिलं.
मी 'मजुरी' लिहिलं.

वाम किती मिळायची रोज?
अंधारी रात असली तर तीन.
चांदणं पडलं की लई हुशार व्हती ती.
टॅबलेटात चांदण्याला रकाना नव्हता,
मी दीड भरलं.

अफसर पिंजारी मधेच येऊन बसला, म्हणाला,
पाणकणसाचा कापूस लिहा.
बाळंतिणीच्या उशीत आम्ही तोच भरायचो,
डोकं थंड राहतं.
मी कापसाचा भाव काढला, निम्मा केला,
थंडाव्याचं काय करावं ते समजेना.

वैशाखातही न आटणारा आड
टँकरच्या खेपांत बसवला.
खेपा गुणिले दर. हे मात्र छान जुळलं,
कारण टँकर आता खरोखरच येतो.

चक्रवाकाची जोडी यायची हिवाळ्यात.
पाहायला लोक येत का बाहेरून?
न्हाई माय. आम्हीच बगायचो.
गाववाल्याच्या बघण्याला तिकीट नसतं.
शून्य.

मग प्रश्न एकोणीस, जसाच्या तसा वाचायचा,
आवाजात चढउतार नको असं प्रशिक्षणात सांगितलेलं:
हे पाणथळ पुन्हा पूर्वीसारखं व्हावं यासाठी
आपलं कुटुंब दरवर्षी किती रुपये
द्यायला तयार आहे?

कौतिकबाई हसली.
पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली,
अफसरभाईही हसला, मग खोकला.
मोडलं कुणी?
ज्यानं मोडलं त्याला इचारलं का
तू किती देतूस?
त्याच्या घरी गेलतीस का ह्ये पाटी घेऊन?

मी म्हटलं, नमुन्यात ते घर नाही.

तं मंग माजं कामून हाये?

पुस्तिकेचं पान बेचाळीस:
प्रश्नालाच हरकत घेणाऱ्याचं उत्तर
निषेध म्हणून नोंदवावं, सरासरीतून वगळावं.
आणि तळटीप, बारीक अक्षरात:
वगळलेल्या फॉर्मचं मानधन देय नाही.

त्या दिवशी थडी सावळीत
अकरा घरांनी मला हेच विचारलं,
कुणी शिवी देऊन, कुणी पाण्याचा तांब्या पुढं करून.

परतीच्या एसटीत
मी अकरा रकान्यांत एकशे चाळीस भरले.
एकशे चाळीस म्हणजे
परभणीहून माझं जाण्यायेण्याचं भाडं.
आता अहवालात एक आकडा आहे,
प्रति कुटुंब, प्रति वर्ष, दोन दशांश स्थळांपर्यंत.
साहेबांनी तो सभेत वाचला, लोकांनी माना डोलावल्या.
त्या आकड्यात वाम नाही, उशी नाही,
कौतिकबाईचं हसणं तर नाहीच.
माझं भाडं आहे.

एकच गोष्ट मी खरी लिहिली.
निघताना भिंतीमागून आडवाट धरली,
वर भेगाळलेली, पांढरी पडलेली माती,
आणि तिसऱ्या पावलाला
चप्पल घोट्यापर्यंत आत गेली.
ओढून काढली तर खड्ड्यात
हळूहळू पाणी जमायला लागलं,
मी पाहत असतानाच.

शेरा, असल्यास:
पाय ओला होतो.